व्हिएतनामला जाऊन काय खावे? शिधा बरोबर न्यावा की तिथल्या ताटावर विसंबावे?

नीलमोहर

मार्चमध्ये आम्ही घरचे पाच जण व्हिएतनामला निघालो आहोत. हनोईला उतरायचे, ह्वे आणि होई आन करीत दक्षिणेकडे सरकायचे आणि सायगॉनहून, म्हणजे आताच्या हो ची मिन्ह सिटीहून, परतायचे एवढे ठरले आहे. अडले आहे ते जेवणावर. यापूर्वी एका यात्रा कंपनीबरोबर आग्नेय आशियातल्याच दुसऱ्या एका देशात गेलो होतो. तेव्हा रोज संध्याकाळी बस न चुकता एखाद्या भारतीय उपाहारगृहासमोर थांबे आणि आत तेच पनीर, तीच पिवळी डाळ आणि तोच जिरा राईस समोर येई. सहप्रवासी खूश होते. मला मात्र बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या वाफाळत्या पातेल्यांत नेमके काय शिजते आहे, याची उत्सुकता शेवटपर्यंत तशीच राहिली. या वेळी कंपनी नाही, आमचे आम्हीच जाणार आहोत.

घरची परिस्थिती अशी आहे. मुलगा सर्व काही खातो. मी आणि यजमान मासे व कोंबडी खातो, परंतु गोमांस आणि डुकराचे मांस खात नाही. सासरे मासे आवडीने खातात, पण त्यांना मधुमेह आहे. सासूबाई पूर्ण शाकाहारी असून त्यांना अंडेही चालत नाही आणि त्यांनी आतापासूनच दशम्या, मेतकूट, भाजणी यांची यादी करायला घेतली आहे. माझे मत असे की प्रवासाची निम्मी गंमत जेवणात असते. ती सोडून दिली तर उरलेले निम्मे घरबसल्या छायाचित्रांतही पाहता येते. परंतु सत्तरीच्या माणसांवर माझे मत लादावे का, हाही प्रश्न आहे. शाकाहारी माणसाला तिथले अन्न खरोखर खाता येते का, गोमांस आणि डुक्कर टाळणे कितपत शक्य आहे, आणि शिधा न्यायचाच झाला तर किती न्यावा, हे जाणकारांनी सांगावे.

दर्यावर्दी

पिवळी डाळ ही आपली खरी परराष्ट्र सेवा आहे. राजदूत पोहोचण्याआधी ती पोहोचलेली असते.

कोथरूडकर_भटक्या

नीलमोहरताई, उत्साह समजू शकतो, परंतु माझा सल्ला सरळ आहे: शिधा न्या आणि भरपूर न्या. प्रयोग स्वतःच्या पोटावर करावेत, सासूबाईंच्या पोटावर करू नयेत. वयस्कर माणसांच्या जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा ठरलेल्या असतात. अनोळखी शहरात दुपारी दोन वाजता 'हे चालेल का, ते चालेल का' असे विचारत चार दुकाने हिंडावी लागली, तर संपूर्ण दिवसाची घडी विसकटते आणि मग कोणतीही वास्तू पाहण्यात मन लागत नाही. हनोईच्या जुन्या वस्तीत, दा नांगला आणि सायगॉनला भारतीय उपाहारगृहे पुष्कळ आहेत. एक वेळ तिथे, एक वेळ खोलीवर खाकरे आणि दही, असा हिशेब ठेवला की कोणाचीही तक्रार राहत नाही. स्थानिक चव घ्यायचीच असेल तर तुम्ही, यजमान आणि चिरंजीव यांनी संध्याकाळी वेगळे बाहेर पडावे. सर्वांनी एकाच ताटात जेवले तरच प्रवास झाला, असे थोडेच आहे?

रानजाई

भटक्या यांचे शेवटचे वाक्य मान्य आहे, बाकीचे नाही. मी स्वतः जन्माने आणि सवयीने शाकाहारी आहे आणि व्हिएतनाममध्ये मी जितके चांगले जेवले तितके युरोपात कधी जेवले नाही. तिथे बौद्ध परंपरेतले शाकाहारी जेवण हा पर्यटकांसाठी काढलेला प्रकार नसून तिथल्या लोकांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. ह्वेमधल्या एका साध्या भातघरात काचेमागे पंधरा-वीस भाज्या मांडलेल्या होत्या. आपण बोट दाखवायचे, ती बाई भातावर वाढत जाते. टोमॅटोच्या रसातले टोफू, केळफुलाची कोशिंबीर, दुधी, अळंबीचे दोन-तीन प्रकार आणि कोवळा फणस उकडून, तिळाबरोबर कालवून तांदळाच्या कुरकुरीत पापडाबरोबर दिलेला. केळफूल आणि कोवळा फणस ज्या घरात शिजतो, त्या घरच्या सासूबाईंना हे जेवण परके वाटण्याचे कारण मला तरी दिसत नाही. परके वाटेल ते पनीर, कारण पनीर आपल्या आज्यांनीही कुठे खाल्ले होते?

मिसळमित्र

रानजाईताई, सर्व ठीक, पण तिखटाचे काय? फिके जेवण हाही आमच्याकडे उपवासच समजला जातो.

हनोईकर

नोकरीनिमित्त गेली काही वर्षे हनोईत राहतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे इथल्या रस्त्यावरचे दुकान बहुधा एकच पदार्थ विकते. फोचे, म्हणजे रश्श्यातल्या तांदळाच्या शेवयांचे, दुकान फोच देते, बुन चाचे दुकान बुन चाच देते, आणि पुष्कळदा तेही दिवसाच्या ठरावीक वेळीच. चांगल्या फोच्या दुकानात सकाळी सहाला गर्दी असते आणि नऊ-दहापर्यंत पातेले रिकामे होते. दुपारचे जेवण साडेअकराला सुरू होते. आपण आपल्या सवयीने दीड-दोनला बाहेर पडलो तर ओट्यावर फडके मारणारी माणसे भेटतात आणि मग आपण म्हणतो की इथे काही मिळत नाही. भटक्या यांनी वर्णन केलेली दुपारी दोनची पायपीट बरीचशी घड्याळामुळे होते. जेवणाची वेळ दीड-दोन तास अलीकडे आणली की मधुमेह असलेल्या सासऱ्यांचीही सोय होते.

दुसरी गोष्ट मांसाच्या नावांची. पाटीवर 'बो' दिसले की गोमांस, 'गा' म्हणजे कोंबडी, 'का' म्हणजे मासा, 'तोम' म्हणजे कोळंबी. डुकराला उत्तरेत 'लोन' आणि दक्षिणेत 'हेओ' म्हणतात. मात्र पाटीवरून फक्त वर काय घातले आहे ते कळते. खालचा रस्सा कशाचा आहे ते कळत नाही. 'फो गा'चा रस्सा कोंबडीचा असतो, पण जे दुकान दोन्ही प्रकार विकते तिथे रस्से खरोखर वेगळे आहेत का हे विचारावे, आणि शक्यतो फक्त 'फो गा' विकणारे दुकान गाठावे. हनोईचे प्रसिद्ध बुन चा तुम्हा दोघांसाठी बाद, कारण ते कोळशावर भाजलेले डुकराचे मांस असते. मुलाला मात्र अवश्य द्या. 2016 च्या मे महिन्यात बराक ओबामा आणि अमेरिकी खाद्यलेखक अँथनी बोर्डेन यांनी ज्या दुकानात बसून ते खाल्ले, तिथे ते टेबल आता काचेच्या पेटीत ठेवले आहे. बुन चा त्याहून चांगले इतरत्र मिळते, पण तरुण मुलांना छायाचित्र हवे असते.

तुम्हा तिघांसाठी, म्हणजे तुम्ही, यजमान आणि सासरे यांच्यासाठी, हनोईत 'चा का' आहे. हळद लावलेल्या माशाचे तुकडे टेबलावरच्या तव्यात तळतात आणि त्यावर मूठमूठ शेपू आणि कांद्याची पात टाकतात. होय, शेपूच. जुन्या वस्तीतल्या एका रस्त्याला या पदार्थाचेच नाव आहे. सोबत शेंगदाणे, तांदळाच्या शेवया आणि कोळंबीच्या आंबवलेल्या लगद्याची जांभळट चटणी येते. तिचा वास उग्र असतो. नको असल्यास त्याऐवजी मत्स्यसार, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेला पातळ द्रव, मागता येते.

आता सासूबाई. पाटीवर रोमन लिपीतली सी, एच, ए, वाय ही चार अक्षरे, म्हणजे 'चाय' हा शब्द, शोधायची. तो शब्द असलेले दुकान बौद्ध शाकाहाराचे. तिथे मांस, मासे आणि मत्स्यसार यांपैकी काहीही नसते. मत्स्यसाराच्या जागी सोयाचे किंवा अननसाचे सार वापरतात. याउलट साध्या दुकानात 'फक्त भाज्या द्या' म्हटले तर ताटात भाज्याच येतील, पण त्या मत्स्यसारात परतलेल्या असतील आणि देणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटणार नाही. अंड्याबाबत स्वतंत्र विचारावे. तांदळाच्या शेवयांत अंडे नसते, पिवळ्या गव्हाच्या शेवयांत असू शकते. उच्चारावर विसंबू नका, फोनवर लिहिलेले वाक्य दाखवा. इथल्या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो आणि आपला सूर नेहमीच बदललेला असतो.

मिसळमित्र, तिखटासाठी ह्वे. गवती चहा, आंबवलेली कोळंबी आणि लाल मिरची घातलेला तिथला बुन बो इतर कोठल्याही व्हिएतनामी रश्श्यापेक्षा झणझणीत असतो. हनोईत मिरची टेबलावर असते आणि आपली आपण घालायची असते.

अनुस्वार

हनोईकर, फार उपयुक्त प्रतिसाद. माझा एक जोडप्रश्न: आमच्या शेजारी जैन कुटुंब आहे आणि तेही हीच सहल आखत आहे. कांदा-लसूण नसलेले जेवण तिथे मिळणे शक्य आहे का?

हनोईकर

अनुस्वार, भारताबाहेर त्यांची जितकी सोय इथे होईल तितकी फार थोड्या देशांत होते. महायान परंपरेतले भिक्षू कांदा, लसूण, पात अशा उग्र वासाच्या गोष्टी वर्ज्य मानतात, त्यामुळे विहारांच्या आसपासची जुन्या वळणाची शाकाहारी दुकाने त्या वापरतच नाहीत. नव्या, सजवलेल्या शाकाहारी उपाहारगृहांत मात्र वापरतात, म्हणून विचारावे. बटाटा, मुळा, गाजर ही कंदमुळे मात्र सर्रास असतात, तो भाग त्यांनी आपल्या नियमाप्रमाणे पाहावा.

आणखी एक. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी एरवी मांसाहार करणारी कुटुंबेही शाकाहार पाळतात. या दोन दिवशी शाकाहारी दुकानांत पदार्थ अधिक असतात, आणि एरवी मांस विकणाऱ्या काही टपऱ्याही त्या दिवशी शाकाहारी होतात.

दर्यावर्दी

म्हणजे सामानात कालनिर्णय न्यावे लागणार. पौर्णिमा पाहून सहल आखणारे आपण पहिलेच पर्यटक ठरू.

इतिहासाची_वही

फोचा विषय निघालाच आहे तर थोडे. हा पदार्थ फार प्राचीन आहे असा समज असतो, पण तो विसाव्या शतकाच्या आरंभीचा, उत्तरेतला, हनोई आणि नाम दिन्ह या भागातला आहे. फ्रेंच आमदानीत गोमांसाची मागणी वाढली, हाडे स्वस्त मिळू लागली, आणि तांदळाच्या शेवया तर घरच्याच होत्या. 1954 मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेतून सुमारे दहा लाख माणसे दक्षिणेत गेली आणि त्यांच्याबरोबर फोही गेला. दक्षिणेत त्याला गोडसर चव आली, मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीची पाने, लिंबू आणि गोड सोयाची चटणी हे सर्व बाजूच्या ताटलीत येऊ लागले. हनोईचा माणूस त्याला आजही भेसळ समजतो आणि सायगॉनचा माणूस हनोईच्या फोला आजाऱ्याचे जेवण म्हणतो. नीलमोहर यांचा मार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे असल्यामुळे त्यांना 'फो गा' हनोईत आणि पुन्हा सायगॉनला खाऊन हा वाद स्वतः सोडवता येईल.

याहून मला महत्त्वाची वाटते ती मधली टंचाईची वर्षे. युद्धकाळात आणि त्यानंतर 1986 च्या आर्थिक सुधारणांपर्यंत धान्य आणि मांस शिधापत्रिकेवर मिळत असे. सरकारी दुकानांत मिळणाऱ्या बिनमांसाच्या फोला लोक 'वैमानिक नसलेला फो' म्हणत, कारण त्या काळात अमेरिकेची वैमानिकाशिवाय उडणारी टेहळणी विमाने उत्तर व्हिएतनामवर घिरट्या घालीत असत. आपल्याकडे रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या पिढीला हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही. आजचे भरलेले वाडगे पाहताना हे ध्यानात असले की वाडग्याकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते.

शंकासुर

कोणी विचारत नाही म्हणून मी विचारतो. तिथे कुत्र्याचे मांस खातात असे ऐकले आहे. नकळत आपल्या ताटात येण्याची भीती आहे का?

हनोईकर

शंकासुर, प्रश्न रास्त आहे. उत्तरेत ते खाल्ले जाते, परंतु ते वेगळ्या, तशी ठळक पाटी लावलेल्या दुकानांत विकले जाते. फोच्या किंवा भाताच्या दुकानात ते गुपचूप मिसळले जात नाही. तरुण पिढीत त्याविषयी नावड वाढली आहे. हनोईच्या प्रशासनाने 2018 मध्ये नागरिकांना ते सोडण्याचे आवाहन केले आणि होई आन शहराने 2021 मध्ये कुत्र्या-मांजरांच्या मांसाचा व्यापार थांबवण्याच्या दिशेने एका प्राणिकल्याण संस्थेशी करारही केला.

तळेगावकर

पाण्याचे आणि बर्फाचे काय करावे? आमच्या परिचयातले एक गृहस्थ तिथून आल्यावर आठवडाभर ताकभातावर होते.

रानजाई

नळाचे पाणी पिऊ नये, बाटलीबंद प्यावे. बर्फ मधून पोकळ, नळकांड्यासारखा असेल तर तो बहुधा कारखान्यात शुद्ध पाण्यापासून बनवलेला असतो. फोडलेल्या लादीचा बर्फ टाळावा. रस्त्यावर खाताना गर्दी पाहावी. जिथे स्थानिक माणसे बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर दाटीवाटीने बसलेली असतात, तिथले अन्न ताजे असते, कारण ते उरतच नाही. खरा विचार करावा तो कच्च्या पालेभाज्यांचा. प्रत्येक जेवणाबरोबर पानांची टोपलीभर रास येते, ती पाहून मन भरते, पण ज्यांचे पोट नाजूक आहे त्यांनी ती गरम रश्श्यात बुडवून खावी.

त्या राशीत हृदयाच्या आकाराचे एक पान असते, त्याला माशासारखा वास येतो. शाकाहारी मंडळी ते तोंडात घालून फसवले गेल्याची तक्रार करतात. ती वनस्पतीच आहे, सासूबाईंना आधी सांगून ठेवा.

मालवणी_मासा

इथे सर्वांनी मत्स्यसाराला खलनायक ठरवले आहे, म्हणून त्याची बाजू मांडतो. हे सार म्हणजे मासळी आणि मीठ, एवढेच. आपल्या मांदेलीच्या कुळातले लहान मासे साधारण तीनास एक या प्रमाणात मिठात थर देऊन मोठ्या लाकडी पिंपांत भरतात आणि वर्षभर मुरू देतात. मासे विरघळत जातात आणि खालच्या तोटीतून लालसर तपकिरी, पारदर्शक द्रव मिळतो. फु क्वोक बेटाचे सार सर्वांत नावाजलेले असून त्याला 2012 मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षणही मिळाले आहे. बाटलीवर नत्राच्या प्रमाणाचा आकडा असतो. आकडा जितका मोठा तितके सार दाट आणि महाग. ते ओंजळभर पिण्याची वस्तू नसून लिंबू, साखर, लसूण, मिरची आणि पाणी घालून त्याची पातळ चटणी करतात आणि तिच्यात प्रत्येक घास बुडवतात. सुकट आणि जवळा ज्या घरात निमूटपणे भाजला जातो त्या घरातल्या माणसांनी वासाची तक्रार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नीलमोहर यांच्या सासऱ्यांना दक्षिणेत गेल्यावर 'कान्ह चुआ' जरूर द्यावे. मेकाँगच्या मुखाकडले हे माशाचे आंबट सार. त्यात चिंच, टोमॅटो, अननस, भेंडी आणि चक्क अळूच्या जातीचे देठ घालतात. भेंडी आणि देठ माशाच्या सारात पाहून मी आधी चमकलो होतो, पण गरम भाताबरोबर ते इतके चोख लागले की पहिल्या दिवशीच दुसऱ्यांदा मागवले. साखर किंचित असते, ती कमी करायला सांगता येते.

सायगॉनवासी

मालवणी_मासा यांना अनुमोदन. सायगॉनची खरी ओळख हवी असेल तर 'कोम ताम' खावे, म्हणजे कण्यांचा भात. गिरणीत फुटलेला तांदूळ पूर्वी गरिबांच्या वाट्याला येई, आज तोच शहराचा मानबिंदू झाला आहे. त्यावर बहुधा भाजलेले डुकराचे मांस असते, परंतु कोंबडी किंवा अंडे घेऊनही खाता येतो, आणि शाकाहारी दुकानांत टोफूसह मिळतो.

भारताची ओढ लागलीच तर उत्तर भारतीय उपाहारगृह शोधण्याआधी इथली 'का री गा' खाऊन पाहावी. फ्रेंच काळात पाँडिचेरीहून आणि तमिळ मुलुखातून आलेले व्यापारी इथे स्थिरावले, त्यांनी बांधलेले मारियम्मनचे देऊळ आजही शहराच्या मध्यभागी आहे. त्यांच्या मसाल्याला इथल्या माणसांनी नारळाचे दूध, गवती चहा आणि रताळे जोडले आणि खायला मात्र फ्रेंचांचा पाव घेतला.

अवंती_क

कॉफीविषयी कोणीच लिहिले नाही याचे नवल वाटते. ब्राझीलच्या खालोखाल जगात सर्वाधिक कॉफी पिकवणारा हा देश आहे आणि त्यातली बहुतेक रोबस्टा, म्हणजे कडू आणि जोरकस. पेल्यावर ठेवलेल्या लहानशा पत्र्याच्या गाळणीतून ती थेंबथेंब उतरते आणि खाली घट्ट गोड दूध वाट पाहत असते. ताज्या दुधाची टंचाई हेच त्या डब्यातल्या दुधाचे कारण. त्याच टंचाईतून हनोईत 1946 मध्ये अंड्याची कॉफी जन्मली: एका बड्या हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान जियांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला. त्यांच्या घरच्यांचे दुकान आजही चालू आहे. ह्वेमध्ये मिठाची कॉफी आहे, तीही ऐकायला वाटते तितकी विचित्र नाही.

सासूबाईंना अंडे चालत नाही आणि सासऱ्यांना साखर, म्हणून दोघांसाठी बिनसाखरेची काळी कॉफी मागवावी. मात्र ती आपल्या घरच्या कॉफीपेक्षा बरीच कडक असते. सायंकाळी प्यायल्यास रात्रभर होई आनचे कंदील मोजत बसावे लागेल.

कोथरूडकर_भटक्या

सर्व प्रतिसाद वाचले. शाकाहाराविषयीची माहिती माझ्यासाठीही नवी होती आणि ती मी जपून ठेवली आहे. तरीही मूळ मुद्दा सोडत नाही. हनोईकर तिथे राहतात, त्यांना पाट्या वाचता येतात. पाच माणसांचे कुटुंब, त्यांत दोन ज्येष्ठ, विमान उशिरा आले, पाऊस लागला, मुक्कामी पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजले, अशा वेळी 'चाय'ची पाटी शोधत कोण फिरणार? मधुमेहाच्या माणसाला जेवणाला तासभर उशीर झाला तरी त्रास होतो. तेव्हा निदान दोन-तीन वेळांचे कोरडे जेवण सदैव पिशवीत असावे, यात स्थानिक अन्नाचा अपमान होत नाही.

आणि रानजाईताई, पनीरबद्दलचे तुमचे विधान मान्य. आमच्या आजीने ते शेवटपर्यंत 'फाटलेले दूध' असेच म्हटले.

रानजाई

भटक्या, रात्री दहाच्या परिस्थितीसाठी पिशवीत खाकरे असावेत याला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो सकाळी आठच्या परिस्थितीत, समोर गरम तांदळाच्या शेवया आणि अळंबीचा रस्सा असताना खोलीत बसून खाकरे खाण्याला.

मिसळमित्र

दोघांचे एकमत झाले असे समजू काय? या संकेतस्थळाच्या इतिहासात नोंद करावी लागेल.

नीलमोहर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना हा धागा घरात मोठ्याने वाचला. सासऱ्यांनी चिंच, भेंडी आणि अळूचे देठ ऐकल्यावर सायगॉनचे दोन मुक्काम तीन करावेत असे सुचवले. सासूबाईंनी फक्त एवढेच विचारले की बौद्ध लोकांचे जेवण आहे म्हणजे भांडी वेगळी असतात ना. हनोईकरांनी याचे उत्तर द्यावे.

आमचा आराखडा असा झाला आहे. न्याहारी बाहेर, लवकर उठून. दुपारचे जेवण साडेअकराच्या सुमारास शाकाहारी भातघरात, सर्वांनी मिळून. रोज एकाच वेळी एका ठिकाणी जेवले की सासऱ्यांच्या गोळ्यांची वेळही सांभाळली जाईल. संध्याकाळी आम्ही तिघे 'चा का', होई आनचा हळदीचा कोंबडी-भात वगैरे शोधायला बाहेर पडू आणि ज्येष्ठांना वाटले तर ते येतील. शिधा फक्त तीन वेळांचा, भटक्या यांनी सांगितल्याप्रमाणे. भारतीय उपाहारगृह यादीत ठेवलेले नाही, गरज पडली तर पाहू. ह्वेचा मुक्काम पौर्णिमेला यावा असा प्रयत्न करीत आहे.

होई आनमध्ये सासूबाईंसाठी विशेष काही आहे का, एवढे राहिले. तिथला प्रसिद्ध काओ लाउ हा शेवयांचा प्रकार डुकराच्या मांसाचा असतो, असे वाचले.

हनोईकर

भांड्यांविषयी: जी दुकाने केवळ शाकाहारी आहेत तिथे मांस आतच येत नाही, त्यामुळे भांडी वेगळी ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त पौर्णिमेपुरत्या शाकाहारी होणाऱ्या टपऱ्यांबाबत ती खात्री देता येणार नाही, तिथे सासूबाईंना नेऊ नका. ह्वेला पौर्णिमेला जाणार असाल तर भातघर अकराच्या आत गाठा, कारण त्या दिवशी सारे शहर तिथे असते आणि साडेअकराला चांगल्या भाज्या संपलेल्या असतात.

काओ लाउचा शाकाहारी प्रकार होई आनमध्येच टोफू घालून मिळतो. त्या जाड, चिवट शेवया पारंपरिक रीतीने तिथल्या बा ले विहिरीच्या पाण्यात आणि जवळच्या बेटावरून आणलेल्या लाकडाच्या राखेच्या क्षारात तांदूळ भिजवून करतात, असे तिथले लोक सांगतात. शेवया सर्वत्र त्याच असतात. वर मांस की टोफू एवढाच फरक.

रानजाई

आणि शाकाहारी 'बान्ह सेओ' विसरू नका. तांदळाचे पीठ आणि हळद यांचे आपल्या घावनासारखे पातळ, कुरकुरीत धिरडे, आत मुगाची डाळ, अळंबी आणि मोड आलेले मूग. साध्या दुकानात त्यात कोळंबी आणि डुक्कर असते, म्हणून ते शाकाहारी दुकानातच घ्यावे. हाताने तोडून, पानांत गुंडाळून, चटणीत बुडवून खायचे असते, तेव्हा काड्यांची कसरतही वाचते.

शहराबाहेर त्रा क्वे नावाचे पालेभाज्या पिकवणारे गाव आहे. तिथे शेजारच्या नदीतले शेवाळ खत म्हणून जमिनीत घालतात. वाफ्यांतून हिंडता येते, आणि आपणच खुडलेल्या पानांचे जेवण करायला शिकवण्याचे वर्गही तिथे भरतात. नाव नोंदवतानाच पूर्ण शाकाहारी आणि बिनअंड्याचे असे लिहून कळवावे, म्हणजे त्यांना सामानाची तयारी करता येते. सकाळची वेळ घ्या, दुपारी मार्चमध्येही ऊन लागते.

नीलमोहर

सकाळच्या वर्गाची चौकशी आजच करते.